नालंदेच्या दाराआधीचा अभ्यास : भदन्त इत्सिंग यांचे चरित्र

धम्माच्या ओढीने चीन देशातून भारतात आलेल्या तीन भिक्खूंची नावे आपल्याकडे आदराने घेतली जातात. पहिले फाहियान. ते इ.स. ३९९ मध्ये निघाले. दुसरे ह्युएन त्संग. ते इ.स. ६२९ च्या सुमारास निघाले व ६४५ मध्ये स्वदेशी पोहोचले. तिसरे इत्सिंग. ते इ.स. ६७१ मध्ये निघाले आणि २४ वर्षांनी, इ.स. ६९५ मध्ये परतले. पहिल्या दोघांच्या हकीकती शाळेच्या पुस्तकांतही येतात. इत्सिंगांचे नाव मात्र बहुधा एका ओळीत उरकले जाते.

असे होऊ नये. विशेषतः ज्या बौद्ध कुटुंबातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजची पायरी चढत आहे, त्या कुटुंबाने इत्सिंगांचे चरित्र अवश्य समजून घ्यावे. कारण विद्यापीठात काय शिकवतात हे सांगणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठात जाण्याआधी विद्यार्थ्याच्या अंगी काय असावे लागते, हे स्वतः कष्ट सोसून शिकलेला आणि नंतर पुढच्यांसाठी क्रमवार लिहून ठेवणारा माणूस विरळा. इत्सिंग हे असे गृहस्थ, नव्हे असे भिक्खू होते.

बालपण आणि दोन गुरू

इत्सिंगांचा जन्म इ.स. ६३५ मध्ये उत्तर चीनमध्ये झाला. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना विहारात ठेवण्यात आले. तेथे त्यांना दोन गुरू लाभले, शान-यु आणि हुइ-शी. शान-यु हे मोठे विद्वान होते. इतिहास, ज्योतिष, गणित, लेखन अशा लौकिक विद्यांत त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. हुइ-शी हे विनयाचे कडक पालन करणारे, साधे आणि चिकाटीचे भिक्खू होते. त्यांनी सद्धर्मपुंडरीक हे सूत्र स्वतःच्या हाताने स्वच्छ अक्षरात उतरवून काढले, आणि साठ वर्षांहून अधिक काळ ते रोज एकदा वाचले. इत्सिंगांनी आपल्या ग्रंथात याचा हिशेबच दिला आहे. तो वीस हजार वाचनांचा आहे.

रोज वाचणे आणि हाताने लिहिणे या दोन सवयी इत्सिंगांना पुस्तकातून लागल्या नाहीत. त्या त्यांनी लहानपणी गुरूच्या अंगी पाहिल्या. ज्या घरात आई-वडील रोज संध्याकाळी एक पान का होईना वाचतात, किंवा वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घेऊन ऐकतात, त्या घरातील मुलाला वाचायला बस म्हणून वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इत्सिंग बारा वर्षांचे असताना शान-यु वारले. मुलांनी आधी अक्षरे आणि इतिहासग्रंथ यांची चांगली ओळख करून घ्यावी, मग धम्मग्रंथांकडे वळावे, असा त्यांचा उपदेश होता. इत्सिंगांनी तो पाळला. चौदाव्या वर्षी ते श्रामणेर झाले. विसाव्या वर्षी त्यांना उपसंपदा मिळाली. त्यानंतर पाच वर्षे त्यांनी केवळ विनयाचा अभ्यास केला. पुढे ते राजधानीच्या चांग-आन शहरात गेले आणि अभिधर्माच्या ग्रंथांत बुडून गेले.

भारतात जावे ही इच्छा त्यांच्या मनात अठराव्या वर्षी उत्पन्न झाली होती. ती पुरी झाली सदतिसाव्या वर्षी. मधली एकोणीस वर्षे वाया गेली काय? मुळीच नाही. त्या काळात चीनमध्ये उपलब्ध असलेले विनयाचे व अभिधर्माचे ग्रंथ त्यांनी आपल्या मातृभाषेत पक्के केले. ज्याला आपल्या भाषेतला कठीण ग्रंथ समजून घेता येतो, त्याला परक्या भाषेतला ग्रंथ उद्या ना परवा समजतोच. ज्याचे मातृभाषेतील वाचन कच्चे, त्याला दोन्हीकडे अडचण.

प्रवासाची सुरुवात

चांग-आनमध्ये काही भिक्खूंनी मिळून भारतयात्रेचा बेत केला होता. प्रत्यक्ष निघण्याची वेळ आली तेव्हा एकेक जण गळाला. कोणाची आई वृद्ध होती, कोणाचे मन बदलले. शेवटी इत्सिंगांसोबत शान-शिंग नावाचा एक तरुण भिक्खू तेवढा राहिला. इत्सिंगांनी वृद्ध हुइ-शींची आज्ञा घेतली, शान-युंच्या समाधीला वंदन केले आणि दक्षिणेची वाट धरली. वाटेत फेंग नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने आणि त्याच्या कुटुंबाने प्रवासाचा सारा खर्च उचलला. इ.स. ६७१ च्या अखेरीस ते कँटन बंदरातून एका इराणी जहाजाने निघाले.

वीस दिवसांच्या आत जहाज सुमात्रा बेटावरील श्रीविजय राज्यात पोहोचले. आजचे पालेमबांग शहर ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथून भारत फार दूर नव्हता. पुढचे जहाज धरून थेट नालंदेला जाण्याची घाई दुसऱ्या कोणीही केली असती. इत्सिंग मात्र सहा महिने तेथेच थांबले. कशासाठी? संस्कृत भाषेचे व्याकरण शिकण्यासाठी. त्या काळी त्याला शब्दविद्या म्हणत.

त्यांचा सोबती शान-शिंग येथेच आजारी पडला आणि परत गेला. आता इत्सिंग एकटे उरले. श्रीविजयच्या राजाने त्यांना मदत केली. मलायु आणि केदा येथे मुक्काम करीत ते इ.स. ६७३ मध्ये बंगालच्या किनाऱ्यावरील ताम्रलिप्ती बंदरात उतरले.

नालंदा आता काही दिवसांच्या चालीवर होती. तरीही इत्सिंग ताम्रलिप्तीत पुन्हा एक वर्ष थांबले. तेथे त्यांना ता-चेंग-तेंग नावाचे चिनी भिक्खू भेटले. महायानप्रदीप हे त्यांचे संस्कृत नाव. ते ह्युएन त्संगांचे शिष्य होते आणि ताम्रलिप्तीत बारा वर्षे राहून संस्कृतात निष्णात झाले होते. त्यांच्याजवळ राहून इत्सिंगांनी भाषा आणि व्याकरण यांचा अभ्यास पुढे चालविला.

बांधवांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. वय अडतीस-एकोणचाळीस. मायदेशात विनयाचे जाणकार म्हणून ख्याती. असा माणूस परक्या देशात लहान मुलाबरोबर मुळाक्षरे गिरवतो, विभक्ती आणि धातू पाठ करतो. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दीड वर्ष त्यांनी फक्त तयारीला दिले. आणि त्या तयारीत त्यांना आधार मिळाला तो आपल्याच वाटेने आधी गेलेल्या माणसाचा. तीच वाट आधी तुडवलेल्या माणसाला आपण कोठे अडखळतो ते ठाऊक असते.

इ.स. ६७४ मध्ये दोघे शेकडो व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर नालंदेकडे निघाले. बोधगयेपासून दहा दिवसांच्या वाटेवर डोंगर आणि दलदल लागली. इत्सिंग आजारी होते. पावलापावलाला थांबावे लागत होते. तांडा पुढे निघून गेला आणि ते एकटे मागे राहिले. सूर्य मावळताना दरोडेखोरांनी त्यांना गाठले आणि अंगावरचे वस्त्रही काढून घेतले. गोऱ्या रंगाच्या माणसाचा त्या भागात बळी देतात अशी वदंता त्यांनी ऐकली होती. म्हणून त्यांनी अंगाला चिखल फासला, पाने गुंडाळली आणि काठीच्या आधाराने चालत राहिले. रात्री उशिरा ते मुक्कामाच्या गावाजवळ आले, तेव्हा महायानप्रदीप गावाबाहेर उभे राहून त्यांना हाका मारीत होते. त्यांनी आपले वस्त्र दिले. इत्सिंगांनी तळ्यात अंग धुतले आणि सोबत्यांत जाऊन मिसळले. असे ते नालंदेला पोहोचले.

नालंदेचे दार

नालंदा महाविहारात प्रवेश सोपा नव्हता. ह्युएन त्संगांच्या वृत्तांतानुसार बाहेरून वादचर्चेसाठी येणाऱ्यांना दारावरचा द्वारपंडितच कठीण प्रश्न विचारीत असे, आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत जात. इत्सिंगांच्या वेळी तेथे आठ मोठी दालने आणि तीनशे खोल्या होत्या, आणि राहणाऱ्या भिक्खूंची संख्या तीन हजारांवर होती. दोनशेंहून अधिक गावांचे उत्पन्न विहाराला दान मिळालेले होते. तासांची मोजदाद पाण्याच्या घटीयंत्राने होई. सकाळी घंटा झाली की भिक्खू तळ्यांवर स्नानाला जात. वेळेची शिस्त हा विद्येचाच भाग मानला जात होता.

इत्सिंग येथे सुमारे दहा वर्षे राहिले. नालंदेत रत्नसिंह, तिलाढ येथे ज्ञानचंद्र अशा आचार्यांच्या पायाशी बसून त्यांनी ज्ञान घेतले, आणि हे भाग्य आपल्याला लाभले याचा आनंद त्यांनी लिहून ठेवला. वैद्यकशास्त्राचाही त्यांनी चांगला अभ्यास केला. पण ते आपले मुख्य काम नव्हे हे ओळखून त्यांनी ते सोडून दिले. आपल्याला कशासाठी शिकायचे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच काय सोडायचे हेही कळते.

अभ्यासाचा क्रम

इत्सिंगांनी आपल्या ग्रंथाच्या एका संपूर्ण प्रकरणात भारतातील विद्याभ्यासाची पद्धत सांगितली आहे. एखादा मुलगा नालंदेच्या योग्यतेचा कसा होतो, हे त्यात टप्प्याटप्प्याने आहे. ग्रंथाचा आकार तेथे श्लोकांत दिलेला असतो. श्लोक म्हणजे बत्तीस अक्षरांचे माप, मग लेखन गद्य असो वा पद्य.

पहिला टप्पा अक्षरांचा. सहाव्या वर्षी मूल सिद्धिरस्तु नावाची बाराखडी शिकू लागते. मूळ अक्षरे ४९. त्यांच्या जोडण्या दहा हजारांवर. हे सारे सहा महिन्यांत पुरे करायचे. दुसरा टप्पा पाणिनीच्या सूत्रांचा. हा एक हजार श्लोकांचा ग्रंथ. मुले आठव्या वर्षी सुरुवात करतात आणि आठ महिन्यांत तोंडपाठ म्हणतात. तिसरा टप्पा धातूंचा, म्हणजे क्रियापदांच्या मुळांचा.

चौथा टप्पा खिल नावाच्या तीन ग्रंथांचा. दहाव्या वर्षी सुरुवात, तीन वर्षे कष्ट. खिल या शब्दाचा अर्थ इत्सिंगांनी पडीक जमीन असा दिला आहे. शेतकरी पेरणीआधी जमीन तयार करतो, तसे हे व्याकरण विद्यार्थ्याचे शेत तयार करते, असे ते समजावून सांगतात. आपल्यापैकी ज्यांनी पडीक रान वहितीखाली आणले आहे त्यांना हा दृष्टान्त लगेच पटेल. पहिल्या वर्षी नुसते दगड वेचावे लागतात, हराळी खणून काढावी लागते, पीक काहीच येत नाही. म्हणून ते वर्ष फुकट गेले असे कोणी म्हणत नाही.

पाचवा टप्पा काशिकावृत्तीचा. जयादित्याचा हा अठरा हजार श्लोकांचा टीकाग्रंथ पंधराव्या वर्षी हाती घ्यायचा आणि पाच वर्षांत समजून घ्यायचा. येथे इत्सिंग आपल्या चिनी बांधवांना स्पष्ट इशारा देतात. जो कोणी चीनमधून भारतात शिकायला येईल त्याने आधी हा ग्रंथ शिकावा आणि मग बाकीचे शिकावे. नाहीतर त्याचे सारे श्रम व्यर्थ जातील.

यानंतर विद्यार्थी गद्य आणि पद्य लिहिण्याचा सराव करतो. मग हेतुविद्या, म्हणजे तर्कशास्त्र. एखादे विधान का खरे, त्याला कारण कोणते, उदाहरण कोणते, हे मांडायला तो शिकतो. जातकमाला वाचतो. अभिधर्मकोश वाचतो. एवढे झाल्यावर दोन-तीन वर्षे त्याने नालंदेला किंवा सौराष्ट्रातील वलभीला काढावीत. तेथे देशोदेशीचे विद्वान जमतात, वाद होतात, आणि ज्याचे मत टिकते त्याची कीर्ती पसरते. अशा विद्वानांची नावे उंच दारांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिली जात.

हिशेब पाहा. नालंदेत दोन-तीन वर्षे आणि त्याआधीची तयारी चौदा-पंधरा वर्षे. दारावरचे नाव सर्वांना दिसते. दाराआधीची वर्षे कोणाला दिसत नाहीत.

पाठांतर, उच्चार आणि सभेतील धीर

वाचन आणि व्याकरण यांखेरीज आणखी एक गोष्ट इत्सिंगांनी नालंदेत पाहिली. पंचशील आणि दशशील म्हणता येऊ लागले की प्रत्येक नव्या शिष्याला मातृचेट या कवीने रचलेली बुद्धस्तुतीची स्तोत्रे शिकवीत. त्यातले एक दीडशे श्लोकांचे आहे. याचे लाभ इत्सिंगांनी मोजून सांगितले आहेत. बुद्धाचे गुण कळतात. श्लोक कसा रचावा ते समजते. भाषा शुद्ध होते. छाती भरते. सभेत म्हणण्याचा सराव झाला की घाबरणे जाते. आणि आरोग्य राहते. हे स्तोत्र त्यांनी नालंदेत असतानाच चिनी भाषेत आणले.

विहारात आपण वंदना म्हणतो, परित्राण पाठ ऐकतो. ते मुलांनी स्पष्ट उच्चारात म्हणावे, अर्थ विचारून घ्यावा, चार माणसांसमोर उभे राहून म्हणावे. वर्गात प्राध्यापकांना प्रश्न विचारताना ज्या मुलाचा घसा कोरडा पडतो, त्याच्यासाठी याहून सोपा उपाय नाही.

पाठांतर करताना अर्थाशिवाय घोकंपट्टी करा असा मात्र याचा भाव नाही. गुरु-शिष्यांचे वर्णन इत्सिंगांनी केले आहे ते वाचण्यासारखे आहे. रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी शिष्य गुरूकडे जातो. गुरू त्याला आरामात बसवतो, तिपिटकातील त्याच्या योग्यतेचा उतारा निवडतो आणि एकही मुद्दा न उलगडता सोडत नाही. शिष्य गुरूची सेवा करतो. शिष्य आजारी पडला तर गुरू त्याला औषध देतो आणि पोटच्या पोराप्रमाणे त्याची शुश्रूषा करतो.

या विहारांत फक्त भिक्खूच शिकत असत असेही नाही. पांढरी वस्त्रे नेसलेले गृहस्थांचे मुलगेही येत. काहींना पुढे संघात यायचे असे, काहींना केवळ विद्या हवी असे. त्यांनी आपल्या जेवणाची सोय आपण करायची, किंवा संघाचे काम करून जेवायचे, असा नियम होता. म्हणजे कमवा आणि शिका ही गोष्ट आपल्या परंपरेत तेराशे वर्षांपूर्वीही होती.

कागद आणि शाई

इ.स. ६८५ मध्ये इत्सिंगांनी नालंदा सोडली. सोबत सुमारे चारशे ग्रंथ होते. पाच लाख श्लोक भरतील एवढा तो मजकूर. परतीच्या वाटेवरही दरोडेखोरांशी गाठ पडली, पण जीव आणि ग्रंथ दोन्ही वाचले. ते श्रीविजयला आले आणि शाक्यकीर्ती या आचार्यांच्या सहवासात भाषांतराच्या कामाला लागले.

एवढे ग्रंथ एका हाताने उतरवून होणार नव्हते. लेखक हवे होते, कागद हवा होता, शाई हवी होती. इ.स. ६८९ मध्ये कँटनला जाणाऱ्या एका जहाजावर ते पत्र देण्यासाठी चढले. पत्रात कागद, शाई आणि लेखनिकांच्या मजुरीची मागणी होती. तेवढ्यात वारा अनुकूल झाला आणि व्यापाऱ्याने शिडे उभारली. उतरायचे म्हटले तरी उतरता आले नाही. पत्र द्यायला गेलेला माणूस स्वतःच चीनला पोहोचला! ग्रंथ सारे श्रीविजयला राहिले. दुसरा कोणी असता तर आता मायदेशी आलोच आहोत, असे म्हणून थांबला असता. इत्सिंगांनी तेथे मदतनीस भिक्खू शोधले आणि त्याच वर्षी पुन्हा समुद्र ओलांडून ग्रंथांजवळ परत गेले.

या दुसऱ्या मुक्कामात त्यांनी दोन ग्रंथ लिहिले. एक चाळीस प्रकरणांचा, भारतातील आणि दक्षिण समुद्रातील बौद्ध आचाराविषयीचा. दुसरा छप्पन्न भिक्खूंच्या चरित्रांचा. चीन, कोरिया आणि इतर देशांतून धम्माच्या शोधात निघालेली ही माणसे. त्यांतील कित्येक वाटेतच वारले. महायानप्रदीपही कुशीनगरला वारले. त्यांची नावे विसरली जाऊ नयेत म्हणून इत्सिंगांनी ती लिहून ठेवली. हे दोन्ही ग्रंथ त्यांनी इ.स. ६९२ मध्ये चीनला पाठविले.

मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी आणखी एक सल्ला लिहिला. श्रीविजयला हजारावर भिक्खू आहेत, मध्यदेशात शिकवतात ते सारे येथेही शिकवतात. म्हणून चिनी भिक्खूने एकदम भारतात न जाता येथे एक-दोन वर्षे राहावे, तयारी करावी आणि मग पुढे जावे. आपण स्वतः सहा महिने थांबलो होतो, मागच्यांनी त्याहून अधिक थांबावे, असा हा अनुभवाचा शब्द आहे. संस्कृत शिकणाऱ्या चिनी मुलांसाठी एक हजार शब्दांचा संस्कृत-चिनी कोशही त्यांच्या नावावर सांगितला जातो.

इ.स. ६९५ मध्ये ते लो-यांग राजधानीत आले तेव्हा सम्राज्ञी वु हिने नगराच्या पूर्व दरवाजाबाहेर येऊन त्यांचे स्वागत केले. त्यानंतरची वर्षे भाषांतरात गेली. चिनी नोंदींप्रमाणे त्यांनी ५६ ग्रंथांचे २३० खंडांत भाषांतर केले. त्यात मूलसर्वास्तिवादी विनयाचा मोठा भाग आहे आणि इ.स. ७०३ मध्ये पुरे केलेले सुवर्णप्रभाससूत्रही आहे. इ.स. ७१३ मध्ये, चिनी गणनेने वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे

एक प्रश्न काही बांधव विचारतील. संस्कृत भाषेने आमच्या पूर्वजांच्या कानांची दारे बंद केली, तिचे गोडवे कशाला? प्रश्न रास्त आहे. परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. पण त्यातूनच नालंदेचे मोठेपण कळते. तेथे चीनमधून आलेल्या, कोणत्याही वर्णात न बसणाऱ्या माणसाला व्याकरणाची दारे उघडी होती. बुद्धाच्या संघाने विद्या जन्माला बांधली नाही. बाबासाहेब पुढे स्वतः संस्कृत शिकले, पाली शिकले. त्यांनी तयार केलेले पालीचे व्याकरण आणि कोश महाराष्ट्र शासनाने इ.स. १९९८ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहेत. आयुष्यभर राजकारणाचा आणि समाजकारणाचा भार वाहणारा हा महापुरुष शब्द आणि त्याचे अर्थ लिहीत बसत होता, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावी. इ.स. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ आणि इ.स. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय त्यांच्या संस्थेने काढले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा, हीच त्या नावाची शिकवण.

आज आपला मुलगा बारावी होतो. आनंदाने पेढे वाटले जातात, कॉलेजात नाव घातले जाते. पहिल्या सहा महिन्यांतच वर्गात काय चालले आहे ते त्याला कळेनासे होते. पुस्तक जाड, भाषा इंग्रजी, किंवा मराठी असली तरी पुस्तकी आणि अवघड. घरी विचारावे तर घरात कोणी कॉलेज पाहिलेले नाही. हळूहळू तो मागच्या बाकावर जातो आणि एक दिवस जाणेच बंद करतो. शेजारीपाजारी म्हणतात, त्याला डोकेच नव्हते. तोही तसेच समजू लागतो.

हे खोटे आहे. त्याला डोके होते, त्याची जमीन नांगरलेली नव्हती. नालंदेची भाषा घेऊन इत्सिंगही जन्माला आले नव्हते. ते थांबले, शिकले, मग आत गेले.

म्हणून मुलांनो, कॉलेज सुरू होण्याआधीच्या सुट्टीत ज्या भाषेत पुढे शिकायचे आहे त्या भाषेचे एक सोपे पुस्तक रोज मोठ्याने वाचा. अडलेला शब्द वहीत लिहा, त्याचा अर्थ शोधा. वाचलेले पान बंद करून त्यातला मुद्दा आपल्या शब्दांत पाच ओळींत लिहा. लेखक असे का म्हणतो, त्याने कारण काय दिले, हे स्वतःला विचारा. हीच हेतुविद्या. जे पुढे गेले आहेत, त्यांच्याकडे संकोच न बाळगता जा. आणि जे शिकून नोकरीला लागले आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात येऊन मागच्या मुलांजवळ बसावे. गावाबाहेर अंधारात उभे राहून मागे राहिलेल्या सोबत्याला हाका मारणारे महायानप्रदीप आपल्या प्रत्येक वस्तीत हवे आहेत.

आई-वडिलांनीही धीर धरावा. तयारीसाठी मुलाने एक वर्ष मागितले तर त्याला आळशी म्हणू नये. पडीक रानात पहिल्या वर्षी कणसे शोधायची नसतात.